न जन्मलेल्या तीन मुलांची आई

काजवालीला तीन मुलगे होते. थोरला छातीला बेचाळीस, मधला अडतीस, आणि धाकटा छत्तीसच, पण त्याच्या बाह्या लांब. तिघांतला एकही तिच्या पोटी आलेला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या पोटी आला होता असंही नाही. काजवालीचं लग्नच झालं नव्हतं. तरी तिला तीन सुना होत्या, आणि त्या मात्र चांगल्या हाडामांसाच्या होत्या. इतक्या, की सकाळी न्हाणीघरापुढं रांग लागायची आणि रांगेतली भांडणं तीन मजले खाली सायकलवाल्याला हवा भरता भरता ऐकू जायची.

“अहो आई, ही मधली आत झोपली की काय बघा!”

“तू काल अर्धा तास लावलास तेव्हा मी काही बोलले का?” आतून आवाज.

“काल किती वेळ लागला ते आईंनी बघितलंय. आई, सांगा हिला.”

“मी काही बघितलं नाही,” काजवाली सुईत दोरा ओवत म्हणायची. “तुमच्याकडं बघायला लागले तर सुईचं भोक दिसणार कधी मला?”

खाली सायकलवाला मान डोलवायचा. “सासू असावी तर अशी. वचक आहे.”

काजवालीचं वय बावन्न. सदऱ्यांच्या दुकानात खिडकीशी बसून ती हातानं काजं करायची, दिवसाला ऐंशी. मशीनवर केलेल्या काजांना ती ‘फाटकी तोंडं’ म्हणायची. काज म्हणजे तरी काय, चांगल्या कापडाला मुद्दाम दिलेली चीर. पण चिरेच्या कडेनं टाके असे दाटून बसवायचे, की ती पुढं फाटू नये आणि बटणाला मात्र वाट मिळावी. वाफ्यात रोपं लावणाऱ्या बाईच्या हातासारखा तिचा हात खाली जाई, वर येई, आणि त्याला घाई कशी ती ठाऊक नव्हती. घाई तिनं जन्मात एकदाच केली होती, आणि तिच्या तिन्ही सुना त्या घाईतल्या.

त्या दिवशी ती दोरे आणायला दुसऱ्या गावी निघाली होती. घाटाच्या वळणावर बंदूकवाल्यांनी बस थांबवली. त्या माणसांना सगळं जग आपल्या नियमांनी चालवायचं होतं आणि ज्याला ते नियम पटत नसत त्याच्याशी ते बंदुकीनं बोलत. पुरुषांना त्यांनी तिथंच उतरवलं. त्यांचं काय झालं ते या घरात कुणी हसत सांगत नाही, म्हणून इथंही नको. बायकांना ट्रकात घालून एका भल्यामोठ्या अंगणात नेलं. तिथं दाढी विंचरलेला एक माणूस उभा होता. पूर्वी तो कुठंतरी शाळेत शिकवायचा म्हणे. बायकांनी त्याचं नाव मास्तर पाडलं.

“एकट्या या बाजूला, घरच्या त्या बाजूला,” मास्तर म्हणाला.

घर मोडायचं नाही असा त्यांचा एक नियम होता. लोकांची घरं जाळताना तो आठवत नसे, पण बायका वाटून घेताना आठवे. एकट्या बाईला कुणाच्याही हवाली करता येई. घरच्या बायकांना मात्र एकत्र ठेवून कामाला लावत. हे काजवालीला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण एकट्या बाईला ‘एकट्या या बाजूला’ हे शब्द कसे कानात घुसतात ते एकटीलाच माहीत. तिनं उजव्या हातानं एकीचं मनगट धरलं, डाव्या हातानं दुसरीचं कोपर. तिसरी त्या दुसरीला आधीच चिकटलेली होती.

“या माझ्या सुना,” ती म्हणाली.

उजव्या हाताला लागली ती त्याच बसची कंडक्टर. ती थोरली झाली. डाव्या हाताला लागलेली दवाखान्यातली नर्स मधली झाली. आणि नर्सला चिकटलेली कॉलेजातली मुलगी, परीक्षेला निघालेली, ती धाकटी. पुढं कधी भांडण रंगलं की काजवाली म्हणायची, “निवडून घ्यायला वेळ असता तर एकही घेतली नसती तुमच्यातली!” आणि थोरली कंडक्टरच्या आवाजात उत्तर द्यायची, “अहो आई, आम्हाला तरी कुठं वेळ दिलात? नाहीतर बघूनच केली असती सासू.”

सुना झाल्या, पण मुलांशिवाय सुना कशा? मुलगे दूरदेशी कामावर गेलेत, येतील, असं तिनं ठोकून दिलं. नावं विचारली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं दुकानातली खुंटी आली. तीन गिऱ्हाइकं सदरे शिवायला टाकून परत आलीच नव्हती. ते तीन सदरे वर्षभर खुंटीला लटकत होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. तीच नावं तिनं सांगितली. दुसऱ्या दिवसापासून चाळीस माणसांची भांडी घासता घासता चौघींनी त्या सदऱ्यांतून तीन माणसं उभी केली. बेचाळीस छाती म्हणजे खाण्याचा शौक. अडतीसवाल्यानं कॉलर आखूड सांगितली होती, म्हणजे चिडका. लांब बाह्यांचा धाकटा स्वभावानं लाजरा. हात लपवायला सोय म्हणून बाह्या लांब.

“माझ्या वाट्याला चिडका का?” मधली कुजबुजली.

“अगं, नसलेल्या नवऱ्याची कसली तक्रार करतेस,” थोरली म्हणाली. “असलेल्यांच्या पदरी काय पडतं ते माझ्या बसमध्ये येऊन ऐक.”

मास्तर काही दूधखुळा नव्हता. आठवड्यानं त्यानं एकेकीला वेगळं बोलावलं. नावं जुळली, कामं जुळली, कुणाला काय आवडतं तेही जुळलं. मग त्यानं सासूला विचारलं, “थोरला घोरतो का?”

हे ठरलं नव्हतं. “नाही,” काजवाली म्हणाली.

मास्तर सावकाश हसला. “त्याची बायको म्हणते, घोरतो.”

माणूस बुडायला लागला की हातात जे येईल ते धरतो; काजवालीच्या हातात राग आला. ती तरातरा अंगणात गेली आणि पाण्याची घागर घेऊन येणाऱ्या थोरलीपुढं उभी राहिली.

“माझा मुलगा घोरतो म्हणून चव्हाट्यावर सांगतेस? लाज नाही वाटत?”

थोरलीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मागं दारात उभ्या मास्तरकडं. घागर खाली ठेवली, हात कमरेवर ठेवले, आणि गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज लावला. “घोरतो म्हणजे घोरतो! भिंतीचे पोपडे पडतात! तुम्हाला काय ठाऊक? तुमच्या लेकाचं काही वाईट कधी दिसलंय का तुम्हाला?”

“ऐकलंस का गं, मधले?”

“मला मध्ये ओढू नका,” मधली म्हणाली. “माझ्या नवऱ्याला चिडका म्हणता तेव्हा कोण येतं मध्ये?”

धाकटी रडायला लागली. ते नाटक नव्हतं. तिला वाटलं, आता सगळ्या मेलो. पण ते रडणंही नेमकं कामी आलं. पहाऱ्यावरची दोन पोरसवदा माणसं तोंडावर हात धरून हसू लागली. एकजण म्हणाला, “आमच्या घरी हेच.” आई म्हणते नाही, बायको म्हणते हो. याहून पक्का पुरावा मास्तरला कुठल्या नियमात मिळाला नसता. “गप्प बसवा त्यांना,” म्हणून तो आत गेला.

तेव्हापासून चौघींनी भांडण सोडलं नाही. रोज एक. चुलीवरून, ओल्या फडक्यावरून, कुणी कांदे जाड चिरले त्यावरून. आजूबाजूला जे घडत होतं ते भांडणानं झाकलं जाई असं नाही. काही दुपारी पलीकडच्या खोल्यांतून नको ते आवाज येत. मग भांडी जास्तच जोरात आपटत. पण एकोणीस महिने त्यांना कुणी वेगळं केलं नाही, ते या भांडणांच्या जोरावर.

एकोणीस महिन्यांनी एका सकाळी बंदूकवाले पळाले आणि सरकारी ट्रक आले. तंबूत टेबल टाकून एक कारकून बसला होता. बाई, नाव? सांगितलं. बरोबर कोण? “सुना.” मुलगे? “दूरदेशी कामावर गेलेत, येतील.” दीड वर्ष जे उत्तर रोज पाठ केलं ते जिभेवरून आपसूक घसरलं. कारकुनानं मान हलवत लिहिलं: तीन मुलगे, बेपत्ता. बाहेर आल्यावर काजवालीनं कपाळावर हात मारला.

“आता परत जाऊन काय सांगू? मुलगे सापडले म्हणू?”

“राहू द्या हो आई,” मधली म्हणाली. “शाईनं लिहिलंय त्यांनी.”

राहू दिलं. मग कुटुंब म्हणून त्यांना या दोन खोल्या मिळाल्या; एकट्या बायकांना वसतिगृहात एकेक खाट मिळत होती. मग शोध कचेरीची पत्रं येऊ लागली, दर तीन महिन्यांनी: आपल्या पुत्रांचा शोध जारी आहे, धीर धरावा. काजवाली ती पत्रं डब्यात ठेवायची. खरं सांगायचं तर तिला ती आवडायची. पन्नास वर्षं जिच्या नावानं कुणी पत्र धाडलं नाही, तिच्या तीन मुलांना सरकार शोधत होतं! कधी कधी शिवताना ती विचारात पडे, की धाकटा आता कुठं असेल, आणि मग दातानं दोरा तोडून स्वतःशीच हसे.

अशी दोन वर्षं गेली. मग त्या घरात एकाच महिन्यात दोन माणसं आली.

पहिली लेखिकाबाई. बंदूकवाल्यांच्या कैदेतून परतलेल्या बायकांच्या आठवणी त्या गोळा करत होत्या. प्रत्येकीच्या तोंडून, प्रत्येकीच्या शब्दांत, त्याचं पुस्तक होणार होतं. शांत बाई. रेकॉर्डर टेबलावर ठेवायच्या आणि चहा निवेपर्यंत विसरून जायच्या. चौघींनी त्यांना पोट धरून हसवलं. घोरण्याची गोष्ट तर त्यांनी दोनदा सांगायला लावली. मुलगे खरे आहेत असंच समजून त्या हसल्या. मग त्यांनी सहज विचारलं, “थोरल्याचे डोळे कसे होते?”

तिन्ही सुनांनी एकदम सासूकडं पाहिलं.

छाती सांगता आली असती, गळा सांगता आला असता, मनगटाचा घेर पाव इंचापर्यंत सांगता आला असता. पण मास्तरनं चेहरा कधी विचारला नव्हता, त्यामुळं तिन्ही मुलांना मानेच्या वर काहीच नव्हतं.

“चांगले होते,” काजवाली म्हणाली.

लेखिकाबाईंनी रेकॉर्डर बंद केला. “मी पुढच्या रविवारी येते,” म्हणाल्या. “काही सांगायचं राहिलं असेल तर तेव्हा. नसेल तर चहा घेऊन जाईन.”

दुसरं माणूस म्हणजे खालचा कुलूपवाला. हा तिशीतला, मितभाषी, दोन रुपयांच्या कुलपालाही तासभर तेल घालत बसणारा माणूस. धाकटी त्याच्या शेजारच्या दुकानात फोन दुरुस्त करायची. दर आठवड्याला तो न बिघडलेला फोन दुरुस्तीला आणायचा. सहाव्या आठवड्यात धाकटीनं विचारलं, “याला झालंय काय?” तो म्हणाला, “वाजत नाही.” ती म्हणाली, “कुणी केला तर वाजेल ना! नंबर कुणाकुणाला दिलाय?” त्यानं नंबर लिहून दिला. झालं ते एवढंच. पण दोघं नोंदणी कचेरीत लग्नाचं विचारायला गेली तेव्हा खिडकीतल्या बाईनं कागद उलटून सांगितलं, की मुलीचं लग्न आधीच झालंय. नवरा बेपत्ता. सात वर्षं वाट पाहावी लागते. दोन झाली, पाच उरली.

त्या संध्याकाळी धाकटी सासूच्या पायाशी येऊन बसली.

“अहो आई, एक मागू?”

“माग.”

“तुमच्या धाकट्याला मारून टाका.”

काजवालीच्या बोटाला सुई टोचली. “माझ्या धाकट्याला? काय म्हणून? इतकं गुणी पोर!”

“अहो, तो नाहीच आहे!”

“नाही म्हणून काय झालं? साडेतीन वर्षांत तुला एक शब्द वावगा बोलला का?”

थोरली हसून लोळायची बाकी राहिली. “कुलूपवाल्याकडंच जायचं होतं तर इतक्या कुलपांतून बाहेर कशाला आलीस गं?” धाकटीनं तिला उशी फेकून मारली, आणि मग एकाएकी गंभीर झाली. “आई, लेखिकाबाईंना खरं सांगू या. पुस्तकात आलं की कचेरीतही सांगता येईल. मुलगे नव्हतेच. कुणाचा गुन्हा आहे का हा?”

“नाही,” काजवाली म्हणाली. “म्हणजे सांगायचं नाही.”

आणि ती उठून गॅलरीत गेली.

तीन दिवस ती कुणाशी भांडली नाही. दुकानात एका सदऱ्याचं तिसरं काज वाकडं झालं. मालकानं चष्मा वर करून तिच्याकडं पाहिलं आणि सदरा गुपचूप बाजूला ठेवला. काजाचा एक टाका उसवला की पुढचे आपोआप सैल होतात, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? धाकटा गेला की मधला जाणार, थोरला जाणार. मुलगे गेले की सुना कुणाच्या? या दोन खोल्या कुटुंबाच्या, आणि कुटुंब कुठलं? मग वसतिगृहातली एक खाट, खाटेखाली पेटी, आणि पुन्हा ‘एकट्या या बाजूला’.

चौथ्या दिवशी मधलीनं तिला गाठलं. नर्सच ती, दुखतं तिथंच बोट ठेवणारी. “अहो आई, तुम्ही धाकटीच्या वाटेत येणाऱ्यातल्या नाही. खोल्यांची भीती वाटते ना?”

“वाटते.”

“तेवढंच?”

काजवालीनं सुईत दोरा ओवायला घेतला. पण रविवारी लेखिकाबाई आल्या, रेकॉर्डर टेबलावर ठेवला, तेव्हा ती स्वतःहून समोर येऊन बसली. तिघींना म्हणाली, “तुम्हीही बसा. तुम्हालाही ठाऊक नाही हे.”

“लिहा,” ती म्हणाली. “मुलगे नव्हते. लग्नच नव्हतं माझं. या तिघींना मी त्या अंगणात सुना म्हणून निवडलं. म्हणजे, निवडलंसुद्धा नाही, नुसतं धरलं.” लेखिकाबाईंनी मान हलवली, त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. “आणि चौथी होती.”

तिनं आपला उजवा हात उचलून दाखवला.

“माझ्या उजव्या हाताला, थोरलीच्या पलीकडं. हातभर अंतरावर. मी ‘या माझ्या सुना’ म्हटलं तेव्हा ती अर्धं पाऊल पुढं आली. तिला कळलं होतं मी काय करतेय. माझ्याकडं बघत होती. मास्तरनं विचारलं, किती मुलगे? मी तीन म्हटलं. चार म्हणता आलं असतं. पण दुकानात खुंटीला तीनच सदरे होते. मला चौथं नावच सुचलं नाही. आणि मनात आलं, चार म्हटलं तर हा हसेल आणि तिघीही जातील. तिला त्यांनी दुसऱ्या बाजूला नेलं. मुलगे नव्हते म्हटलं की ही गोष्ट सांगावी लागते. म्हणून मी मुलगे ठेवले.”

धाकटीनं तोंड फिरवलं. ती रडत होती की नाही, ते कुणाला दिसलं नाही.

मग थोरली बोलली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज दारापर्यंतसुद्धा पोचला नाही. “पुलापर्यंतचं तिकीट होतं तिचं. मी फाडलं. सुट्टे नव्हते म्हणून मी कुरकुर केली तिच्यावर.”

“अंगठ्याला पट्टी होती,” मधली म्हणाली. “भाजलेलं असणार. बांधली नीट नव्हती. मला वाटलं होतं, उतरताना सांगू.”

“निळा डगला,” काजवाली म्हणाली. “पाच बटणं, चौथं दुसऱ्या जातीचं. हातानं लावलेलं.”

लेखिकाबाईंनी हळूच विचारलं, “चेहरा?”

धाकटी भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, “गोल. पुढच्या दातांत फट. मला म्हणाली, पेपर सोपा जाईल बघ. मी ओळखतही नव्हते तिला.”

त्या दुपारी चौघींनी एका बाईचं सगळं, तिळाएवढं आठवलं तेही, सांगून टाकलं. नाव तेवढं एकीलाही ठाऊक नव्हतं. लेखिकाबाईंच्या पुस्तकात ते प्रकरण आहे. त्याला शीर्षक नाही, वर नुसती जागा सोडली आहे.

काजवालीनं शोध कचेरीत जाऊन हेच सांगितलं तेव्हा कारकून खुर्चीत मागं रेलला. “म्हणजे बाई, दोन वर्षं मी तीन सदरे शोधतोय?”

“सापडले का?”

“नाही.”

“मग तुमच्या कामात खोट नाही,” काजवाली म्हणाली. “आता या बाईला शोधा. हिला चेहरा आहे.”

कारकून भला माणूस. त्यानं तीन फायली बंद केल्या आणि चौथी उघडली. अजून तीतून काही हाती आलेलं नाही. पत्रं येतात, पण आता काजवाली ती डब्यात ठेवत नाही. वाचून लगेच उलट टपाली विचारते, पुढं काय केलंत.

खोल्यांचं म्हणाल तर काजवालीला वाटलं होतं त्यातलं काही खरं झालं. कुटुंब नाही म्हणून नोटीस आली. थोरलीनं बस डेपोतून क्वार्टर मागितलं आणि साहेबाच्या टेबलाशी असा आवाज लावला की दोन खोल्या मिळाल्या. काजवाली पेटी उचलून तिच्याबरोबर गेली. पण मधली नाही आली. दवाखान्याच्या आवारात तिला खोली मिळत होती, आणि तिनं ती घेतली.

“अहो आई, राग मानू नका. मला कधीपासून वेगळं राहायचं होतं.”

“अस्सं!” काजवाली म्हणाली. “आत्ता शोभलीस खरी सून.” ती हसली, पण मधलीची पिशवी भरताना तिनं एकच टॉवेल तीनदा घडी करून उलगडला. मधली महिन्यातून एकदा येते. कधी दोन महिन्यांतून. आली की न्हाणीघर अडवून बसते.

धाकटीचं लग्न नोंदणी कचेरीत झालं. त्या रविवारनंतर बरेच दिवस ती काजवालीशी मोजकंच बोलत होती. तिसरी सून म्हणून आपण वाचलो ते नर्सला चिकटलो म्हणून, हे तिच्या मनातून जात नव्हतं, आणि काजवालीकडंही त्यावर औषध नव्हतं. लग्नाच्या सदऱ्याची काजं मात्र काजवालीनं केली. लांब बाह्यांचा नव्हे; कुलूपवाल्याचे हात आखूड आहेत.

लग्नाला महिनाही झाला नसेल. काजवाली डेपोच्या क्वार्टरात दुपारी काम घेऊन बसली होती. कुलूपवाल्याला जिनं लहानाचा मोठा केला ती त्याची मावशी धापा टाकत जिना चढून आली. पुस्तक तिनं वाचलं होतं, शेजारणींना वाचूनही दाखवलं होतं. कोण कुणाची काय लागते आणि काय लागत नाही ते तिला पानासकट ठाऊक होतं. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, “विहीणबाई, तक्रार घेऊन आलेय.”

काजवालीची सुई थांबली. सासू ती झाली होती, आई झाली होती. विहीण कुणी म्हटलं नव्हतं.

“कुणाची तक्रार?”

“तुमच्या मुलीची, आणखी कुणाची! दार लावत नाही ती. दुपारी आडवी झाली तरी दार सताड उघडं. मी लावलं की उठून उघडते. अहो, कुलूपवाल्याचं घर आमचं! गिऱ्हाईक काय म्हणेल? याच्याच घराला कुलूप नाही, तर याची कुलूपं घ्यायची कशाला?”

“जावई काय म्हणतात?”

“तो काय म्हणणार? दाराची कडीच काढून ठेवलीय त्यानं. म्हणून तर तुमच्याकडं आले. तुम्ही तिला दोन शब्द सुनवा.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी काजवालीला तिच्या मुलीवरून बोल लावत होतं. एकोणीस महिने आणि वर दोन वर्षं तिनं धाकटीला उशिरा उठण्यावरून, केसांवरून, फोनवरून बोलून घेतलं होतं. ते निराळं. तिनं सदरा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला, कापडावर पडलेला दोऱ्याचा तुकडा वेचला आणि ताठ बसली.

“हे बघा विहीणबाई, माझ्या मुलीत हजार खोडी असतील. पण दार उघडंच राहील.”

“आणि चोर आला तर?”

“येऊ दे. घरात आहे काय? चार भांडी आणि तुम्ही. भांडी नेली तर मी नवी देईन.”

“आणि मला नेलं तर?”

“दुसऱ्या दिवशी आणून सोडेल बिचारा,” काजवाली म्हणाली आणि चहा टाकायला उठली.